ताताय परत आले तो गुरुवार

१७ फेब्रुवारी २०१३, उपवासकाळाचा पहिला रविवार

प्रिय लिगाया,

खोका पोचला. साबण, कॉफी, डबाबंद मांस, नानायसाठी मऊ तळव्यांच्या चपला, सगळं नीट आलं. चिठ्ठी नेहमीप्रमाणे नव्हती. नानायने नेहमीप्रमाणे आधी टॉवेल उलगडून झटकले, प्रत्येक घडीत हात घालून पाहिला, आणि म्हणाली, "लेकीला आईच्या पायाचं माप अजून आठवतं. चला, तेवढं तरी." मग टॉवेल नाकाशी धरून बराच वेळ बसली.

तुझा जुना नंबर लागत नाही, म्हणून खोक्यावरचा मिलानचा पत्ता उतरवून हे पत्र टाकतो आहे. माझं अक्षर तुला ओळखू येईलच. होड्या बांधणाऱ्या माणसाचं अक्षर आणि फळीवरची खूण यांत फारसा फरक राहत नाही.

लिहायचं कारण वेगळंच आहे. दुकानवाल्या आलिंग पासिंगची नात जोव्हेलिन परवा पळत आली. पवित्र आठवड्यात टीव्हीवर तो गुरुवारचा पत्रांचा कार्यक्रम, लोकांनी पत्रातून कळवलेल्या खऱ्या गोष्टी नटांकडून करून दाखवतात तो, परत दाखवणार आहेत, जुने निवडक भाग. लोकांना म्हणे विचारलं होतं, कोणता भाग आवडला ते कळवा. जाहिरातीत एक होडी दिसते, आणि खडकावर बसलेली दोन वेण्यांची मुलगी. लिगाया, तो आपला भाग आहे. शनिवारी दुपारी लागणार, प्रभू कबरीत असतात त्या दिवशी.

कोणाला आवडला असेल, याचाच मी विचार करतो आहे. आपल्या वस्तीत तो परत बघू असं कोणी कधी म्हटलं नाही. आलिंग पासिंग एरवी शेंगदाणे खात खात एकेका नायिकेचं मरण चार चार वेळा बघते, पण ती म्हणाली, "तो एकदा पाहिला तेवढा बास. परत लागला तर मी दुकानाची फळी लावून शेतात जाईन."

तिच्या दुकानातले गुरुवार तुला आठवतात का? गाडीच्या बॅटरीवर चालणारा तो काळापांढरा संच, त्याच्यापुढे जमिनीवर आपण. थंड पेयाची बाटली घेतल्याशिवाय बसू द्यायची नाही, म्हणून चौघांत एक बाटली. गोष्ट रंगात आली की बॅटरी बसायची. चित्र कडेकडेने आकसत जायचं आणि मध्ये एक पांढरा ठिपका उरायचा. मग घरी जाताना वाटेवर होडीवाले काका, आपला मांग दोरो, उरलेली गोष्ट सांगायचा. त्याच्या गोष्टीत सगळ्यांची लग्नं व्हायची आणि डुक्कर कापलं जायचं. एकदा तर त्याने मेलेल्या सासूचंही लग्न लावलं. आपण अर्ध्या गोष्टींवर वाढलो, पण उपाशी वाढलो असं मला कधी वाटलं नाही.

तो एकच भाग शेवटपर्यंत पाहिला गेला.

नानायला अजून हे ठाऊक नाही. तू शेवटची घरी आलीस तेव्हा तिने काय केलं ते मी विसरलेलो नाही. तू हातातली बॅग खाली ठेवायच्या आत तिने विचारलं होतं, "कुठे दिसला तो तुला?" ताताय वादळात गेले त्याला तेव्हा सात वर्षं झाली होती. जेवायला बसलेल्या पाहुण्यांसमोर ती पुढे म्हणाली, "मनिलात त्याने दुसरं घर केलंय आणि तू बापाला लपवतेस." तू सकाळच्या बोटीने गेलीस. तिचं म्हणणं इतकंच की कार्यक्रमातल्या बाई दर गुरुवारी सांगतात, ही गोष्ट खरी आहे, आणि गळ्यात क्रूस घालणारी बाई खोटं कशाला बोलेल? त्या भागात ताताय परत येतात. खाली नाव तुझं. म्हणजे तुला ठाऊक आहे.

मी तिला कितीदा समजावलं की शेवट टीव्हीवाल्यांनी जोडलाय, त्यांना गोड शेवट लागतो. ती म्हणते, "तुला काय माहीत? पत्र तू लिहिलंस का?"

आता तूच सांग, तिला तो पाहू द्यावा की त्या दिवशी काहीतरी निमित्त काढून तिला गावात न्यावं? गोष्ट तुझी होती, म्हणून विचारतो. नानायची तब्येत बरी आहे.

तुझा मोठा भाऊ, तुझा कुया,
सांतो


१० मार्च

प्रिय लिगाया,

जोव्हेलिनच्या फोनवर तुझा निरोप आला. तिने तो मला चॅपलच्या पायरीवर वाचून दाखवला आणि पोरगी शहाणी, वाचल्यावर काही न विचारता निघून गेली. "कुया, तिला ते पाहू देऊ नकोस. ती परत वाट बघायला लागेल. आणि शेवट त्यांनी बदलला नव्हता. मी तसाच लिहिला होता."

इतक्या वर्षांनी तुझे शब्द आले आणि ते हे.

मी त्या दिवशी कामावर गेलो नाही असं नाही. गेलो, पण तासणी हातात घेऊन नुसता बसलो. पहिल्यांदा राग आला, हे लपवत नाही. मग तुला मी त्या पावसात बंदरावर उतरताना पाहिलं ते डोळ्यांपुढे आलं. वादळानंतर बोटी बंद होत्या. तू मनिलाहून निघालीस आणि अडकून पडलीस. पोचलीस ती नवव्या दिवशी, शेवटची प्रार्थना संपून लोक जेवायला बसल्यावर. कोणीतरी तुझ्या हातात भाताची ताटली दिली. तू विचारलंस, ताताय कुठे आहेत? जसं काही ते आत हात धूत होते.

शव आम्हालाही मिळालं नव्हतं, लिगाया. आम्हीही त्यांना मेलेलं पाहिलं नाही. पण नऊ संध्याकाळी आम्ही एकत्र बसून म्हटलं तरी, 'त्यांच्या आत्म्याला शांती दे'. पहिल्या दिवशी माझ्या तोंडून शब्द फुटला नाही. नवव्या दिवशी फुटला. त्या नऊ संध्याकाळींचा उपयोग तेवढाच असावा, आणि तेवढा पुष्कळ आहे. तू ते म्हणायला इथे नव्हतीस. तुला कोणी म्हणायला लावलंच नाही. मग तू मनिलातल्या मालकिणीच्या स्वयंपाकघरात बसून पत्र लिहिलंस आणि शेवटच्या पानावर त्यांना घरी आणलंस. यात मला आता काही वाईट दिसत नाही. एकोणीस वर्षांची होतीस.

तुला वाटत असेल, तुझ्यामुळे झालं. तर त्या संध्याकाळी इथे काय झालं तेही ऐक, मी तुला कधी सांगितलेलं नाही. आपल्या वस्तीची गोष्ट टीव्हीवर येणार म्हटल्यावर सगळ्यांनी ठरवलं, आज बॅटरी बसू द्यायची नाही. मांग दोरोने स्वतःच्या होडीची बॅटरी काढली, गावात नेऊन भरून आणली आणि कडेवरच्या मुलासारखी उचलून दुकानात आणून ठेवली. तातायविषयी म्हणाला, "सेलसो माझ्या होडीवर वाढला. आज त्याची गोष्ट अर्धी राहणार नाही." त्या दिवशी आलिंग पासिंगनेही बाटली घ्यायला लावली नाही. नानाय सगळ्यांत पुढे, काळ्या कपड्यांत. तातायला जाऊन वर्ष व्हायला थोडेच दिवस उरले होते. काळं उतरवायच्या दिवसासाठी मी डुकराचं पिल्लू सांगून ठेवलं होतं.

पहिली बॅटरी बसली ती नेमकी ती मुलगी खडकावर बसलेली असताना. एरवी आपण तिथेच उठलो असतो. मांग दोरोने दुसरी लावली.

मग पाण्यातून तो माणूस चालत आला. मी खरं सांगतो, त्या क्षणी मीही मान वळवून दाराबाहेर समुद्राकडे पाहिलं. सगळ्यांनीच पाहिलं. शेवटी बाईंनी वाचलं, 'तुमची, लिगाया', आणि नानाय उठून घरी गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी ती अंगणात आली ती पिवळ्या फुलांचा झगा घालून. ना प्रार्थना, ना जेवण, ना वर्ष पुरं झालं. त्यानंतर तिने काळं कधी घातलं नाही.

आता ती थोडी का होईना उलगडली आहे. निदान माणसांत बसते, हसते. तातायचं ताट वाढणं दोन वर्षांपूर्वी थांबलं, का ते मी विचारलं नाही. पण मृतात्म्यांच्या दिवशी चॅपलमध्ये नावं वाचायला मी उभा राहतो तेव्हा ती पहिल्या बाकावरून माझ्या तोंडाकडे बघत असते. दर वर्षी 'स' वर आलो की मी सेलसो गाळतो आणि पुढचं नाव वाचतो. देवाला ते ऐकू जात असेल, असं मी धरून चालतो.

तू म्हणतेस तसंच करतो. त्या शनिवारी तिला गावात आत्याकडे नेईन. तुझं गुपित माझ्याकडे राहील.

सांतो


२४ मार्च, झावळ्यांचा रविवार

लिगाया,

हे पत्र तुला मिळेल तेव्हा शनिवार होऊन गेलेला असेल, तरी लिहितो. हातून होणारी दुसरी गोष्ट नाही.

नानायला कळलं. चॅपलमध्ये मिस्सा संपल्यावर आलिंग पासिंग झावळ्या हलवत तिच्याजवळ आली आणि म्हणाली, "एस्तर, शनिवारी मी दुकान बंद ठेवणार बाई, मला नाही ते बघवत." झालं. नानायने विचारलं, काय नाही बघवत? पासिंगने माझ्याकडे पाहिलं, मी जमिनीकडे.

घरी येऊन नानायने झावळी दारावर खोचली आणि म्हणाली, "आत्याकडे तूच जा. मी शनिवारी इथे आहे."

मी म्हटलं, नानाय, कशाला? एकदा पाहिलं त्याने काय भलं झालं?

"डोळे जायच्या आत तो घरी आलेला एकदा बघून घेते," म्हणाली. "तेवढंही नाही का द्यायचं म्हाताऱ्या बाईला?"

तिच्या तोंडून 'घरी आलेला' हे शब्द मी फार दिवसांनी ऐकले. मला तुझा निरोप आठवला. रात्रीच्या जपमाळेत माझं मन लागत नाही.

अजून एक. पहिल्या पत्रात लिहिलं तब्येत बरी आहे, ते पुरतं खरं नाही. तिचं हृदय थकलं आहे. गावातल्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या आहेत आणि धक्का बसू देऊ नका म्हणाले आहेत. चॅपलच्या पायऱ्या ती मधे थांबून, वेलींकडे बघत असल्याचं सोंग करून चढते. डाव्या डोळ्याने आता फक्त उजेड दिसतो. तुला भीती घालायची नव्हती म्हणून लिहिलं नव्हतं. पण तू दूर आहेस म्हणून तुझ्या वाटचं कळणंही मी अडवावं का, हा विचार आज प्रवचन ऐकताना मनात आला.

मी तिच्याशेजारी बसेन. त्या वेळी तू म्हटली असशील ती जपमाळ तिच्यासाठी होती, असं मी धरून चालेन. इथली दुपार म्हणजे तुझी सकाळ.

सांतो


३१ मार्च, पुनरुत्थान रविवार

प्रिय लिगाया,

नानाय झोपली आहे. श्वास नीट चालू आहे, हे आधी लिहितो म्हणजे तू पुढचं शांतपणे वाचशील.

काल दुपारी तिला मी दुकानापर्यंत हाताला धरून नेलं. फळी लावलेली नव्हती. आलिंग पासिंग स्वतःची खुर्ची नानायच्या खुर्चीला लावून बसली होती. म्हणाली, "शेतात ऊन फार आहे." आता मोठा रंगीत संच आहे, बॅटरीची भानगड नाही, आणि खाली बसायला माणसंही नाहीत. मांग दोरो गेला, त्याची बायको गेली. जोव्हेलिन होती, फोन बाजूला ठेवून.

मी टीव्ही पाहणार नव्हतो. भिंतीला टेकून उभा राहिलो, तिचा चेहरा दिसेल असा. गोळ्या खिशात. आवाजावरून मला कळत होतं काय चाललं आहे. बाई पत्र वाचू लागल्या. इतक्या तरुण होत्या त्या, आवाजावरूनच कळलं. मग वारा, मग बायकांचं ओरडणं. पासिंगने पदरासारखा झग्याचा घोळ तोंडावर घेतला. नानाय ताठ बसली होती.

खडकाचा प्रसंग आला. मला आठवत होतं की तो मोठा आहे. ती मुलगी बसते, एखादी होडी आली की उठते, होडी दुसऱ्याच कोणाची असते, परत बसते. नानाय पुढे वाकली.

"ही कोण?" तिने विचारलं.

पासिंग म्हणाली, "ही तुझी लिगाया नाही का. तेव्हाही होती की."

"मला दिसली नव्हती," नानाय म्हणाली. "मी त्यालाच शोधत होते."

मग तो माणूस पाण्यातून आला. मी दोन पावलं पुढे झालो आणि पडद्याकडे वळलो. टीव्हीतली बायको धावत सुटली, पण तो तिच्याकडे जायच्या आधी वाकला आणि मुलीची वेणी ओढली. इतक्या वर्षांत मला हे आठवत नव्हतं, किंवा आठवायचं नव्हतं. ताताय असंच करायचे. होडीतून उतरले की आधी तुझी वेणी, मग नानायचा नंबर, मासे मग केव्हातरी. नानाय त्यावरून रुसायची.

नानायने हात वर केला, जोव्हेलिनला वाटलं आवाज वाढवायचा आहे. नानाय म्हणाली, "बंद कर."

मग ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे टीव्हीवाल्यांनी नाही लिहिलेलं, सांतो. त्यांना वेणीचं काय माहीत?"

तुझं गुपित मी उघड केलं नाही, लिगाया. ते तिनेच वाचलं.

"तिला तो कुठे दिसला नव्हता," नानाय म्हणाली. "तिला तो हवा होता. आणि मी पोरीला दारात उभं करून चोरासारखं विचारत होते."

मी गोळी पुढे केली. तिने ती घेतली नाही. रडली. मी तिला तातायसाठी रडताना आजवर पाहिलंच नव्हतं. नऊ दिवसांत ती स्वयंपाकात होती, आणि नंतर रडायचं कारण उरलं नव्हतं. पासिंग तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली आणि एकीकडे मला म्हणाली, "बघतोस काय, पाणी आण." मी पाणी आणलं. दुपार उतरेपर्यंत आम्ही तिथेच बसलो. दुकानात गिऱ्हाईक आलं की जोव्हेलिन खुणेने परत पाठवत होती.

घरी निघताना नानायने पासिंगला विचारलं, "तुझा काळा झगा मला होईल का?"

पासिंग एरवी अशा वेळी काहीतरी बोलली असती. तिने नुसता झगा आणून दिला. कमरेत घट्ट होता. दोघींनी मिळून शिवण उसवली.

आज पहाटे भेटीची मिरवणूक होती. तुला आठवत असेल, तू दोन वर्षं त्यात देवदूत होतीस, दुसऱ्या वर्षी पंख वाकडा लागला म्हणून मचाणावरूनच ओरडली होतीस. पुरुष उठलेल्या प्रभूला घेऊन एका वाटेने, बायका काळ्या बुरख्यातल्या मारियामातेला घेऊन दुसऱ्या वाटेने, आणि चॅपलसमोर लहान मुलीने मातेचा बुरखा काढला. घंटा वाजल्या. सगळे रंगीत कपड्यांत. आणि बायकांच्या पुढच्या रांगेत आपली नानाय, डोक्यापासून पायापर्यंत काळी.

लोक बघत होते. पासिंगच्याने शेवटी राहवलं नाही. "एस्तर, आज तर सगळ्यांचं काळं उतरतं. तू आजच चढवलंस?"

नानाय म्हणाली, "तिचा लेक परत आला, पासिंग. माझा माणूस नाही आला."

हे ती इतक्या सरळ आवाजात म्हणाली की फादरही थांबले. मी प्रभूची पालखी खांद्यावर घेऊन उभा होतो, म्हणून मला डोळे पुसता आले नाहीत. आजचा दिवस आनंदाचा असतो. मला वाटतं, आज तो आपल्या घरीही होता. फक्त त्याने काळं घातलं होतं.

मिस्सेनंतर तिने मला अंगणात बसवून घेतलं आणि सांगितलं, नीट लिही. काळं एक वर्ष घालायचं, आजपासून. मधे कोणी म्हणेल तब्येत बघा, उन्हाळा बघा, तर ऐकायचं नाही. वर्ष झालं की प्रार्थना, जेवण, सगळं रीतीने. आणि त्या दिवशी तिच्या अंगावरचं काळं उतरवून रंगीत चढवायचं ते तू. मी म्हटलं, नानाय, तिचं काम आहे, मिलानात ती सांभाळते ती म्हातारी तिच्यावाचून उठत नाही. शिवाय, मी म्हटलं, वर्ष मोठं असतं. ती म्हणाली, "डॉक्टरांना सांग, मला वर्षभर मरता येणार नाही, काळं आहे अंगावर."

मला ठाऊक आहे, तुला भीती कशाची वाटते. दाराची. तिलाही ते ठाऊक आहे. पत्राचं पाकीट मी चिकटवायला घेतलं तेव्हा ती जागी झाली, तिने हात धरला आणि म्हणाली, अजून एक ओळ घाल, माझ्या शब्दांत घाल. ती घालतो:

"लिगाया, ये. तो कुठे दिसला, हे मी विचारणार नाही. जेवलीस का, एवढंच विचारीन."